हातून घडलेले: मराठी, अहिराणी आणि कोरियन
(प्रस्तावना)

सातबाऱ्यावर गट नंबर चुकला, १ हेक्टर २० आरचे १ हेक्टर २ आर झाले, बापाच्या नावातला एक काना राहून गेला, की महसुली कागदात त्यासाठी एक शब्द ठरलेला असतो: हस्तदोष. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली अशी चूक दुरुस्त करून मिळते. शब्द कचेरीतला असला, तरी त्यामागचा विचार घरोघरचा आहे. लिहिणाऱ्याच्या मनात काही नव्हते, घोटाळा हाताने केला. चूक झाली हे मान्य, कोणाकडून झाली हेही मान्य, फक्त हेतू तेवढा मान्य नाही. एवढा सगळा जबाब त्या एका शब्दात बसतो.

मनात नसताना घडलेली गोष्ट भाषा कशी सांगते, हा या पुस्तिकेचा विषय आहे. 'कप फुटला', 'बोलून गेलो', 'डोळा लागला', 'राहवलं नाही', 'विकून बसलो' ही वाक्ये आपण दिवसभर बोलतो. ती आपल्याला कोणी शिकवलेली नसतात. शाळेच्या व्याकरणात कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग येतात; प्रयोजक, शक्य, भावकर्तृक ही क्रियापदे येतात. पण यातले कोणते रूप माणूस केव्हा निवडतो आणि ते निवडून स्वतःला कितपत सोडवून घेतो, हा प्रश्न पेपरात येत नाही. तो इथे घेतला आहे, आणि त्यासाठी तीन भाषा शेजारी ठेवल्या आहेत: मराठी, आपल्या खान्देशाची अहिराणी आणि कोरियन.

कोरियन कशाला, असे कोणीही विचारील. जळगाव-धुळ्याची मुले शिकून पुण्याकडे जातात. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ साली केला. कोरियन मालिका आणि गाणी तर मोबाइलमधून घरात आलीच आहेत. त्यामुळे टोपिक ही सहा पातळ्यांची कोरियन परीक्षा देणारी मुले-मुली आता खान्देशातल्या घरांतूनही निघू लागली आहेत. त्यांच्या हातात पडणारी पुस्तके मात्र बहुधा इंग्रजीतून कोरियन शिकवतात, आणि इथेच गाडी अडते. 'मुद्दाम नाही, चुकून' हे सांगायला इंग्रजी बहुतेक वेळा वाक्याला एक वेगळा शब्द जोडते. मराठी आणि कोरियन तेच क्रियापदात मुरवून सांगतात. मराठी मुलाने मग इंग्रजीचा वळसा घालून कोरियनकडे का जावे? त्याच्या घरच्या बोलीत त्याची अर्धी तयारी झालेली असते. उरलेल्या अर्ध्यात कोरियनचे वळण वेगळे आहे, आणि ते कुठे वेगळे आहे हे घरची बोली नीट ओळखल्याशिवाय समजत नाही.

म्हणून आधी घरचे पाहू.

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत: फोडणे आणि फुटणे, तोडणे आणि तुटणे, पाडणे आणि पडणे, सोडणे आणि सुटणे, फाडणे आणि फाटणे. 'मी कप फोडला' म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, रागाने आपटला असणार. 'कप फुटला' म्हटले की कोणीच काही केलेले नाही. या दोन्हींच्या मध्ये 'माझ्या हातून कप फुटला' हे वाक्य उभे आहे. त्यात कर्त्याच्या जागी कप आहे, क्रियापद अकर्मक आहे, तरी बोलणारा पळून गेलेला नाही. 'हातून' एवढे बोलून तो हजर राहिला आहे.

ही जोडी भांडणात कशी कामी येते, ते रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यात बघावे. घड उतरवताना एक जण कोयत्याने दांडा तोडतो, दुसरा खाली खांदा देऊन उभा असतो. घड जमिनीवर आपटला, फण्या ठेचल्या, की तोडणारा म्हणतो, 'सुटला.' झेलणारा म्हणतो, 'सोडला.' घड एक, क्षण एक. फरक एका स्वराचा आणि एका व्यंजनाचा, पण मुकादमाने बोल कोणाला लावायचा हे त्याच फरकावर ठरते. पुढच्या तक्रारीही अशाच: कोयता लागला, पाय सटकला, चीक उडाला, सदऱ्यावर डाग पडला. यातल्या एकाही वाक्यात माणूस कर्ता नाही. कर्ते आहेत कोयता, पाय, चीक आणि डाग.

मराठीची ही खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. मनात नसलेली गोष्ट घडली की ती शरीराच्या एखाद्या अवयवाला पुढे करते. चूक हातून होते, शब्द तोंडून जातो, जीभ घसरते, पाय घसरतो, डोळा लागतो, नजरेतून सुटते. 'मी झोपलो' आणि 'माझा डोळा लागला' यांतला फरक रात्रपाळीच्या रखवालदाराला विचारावा. पहिल्या वाक्याने नोकरी जाते, दुसऱ्याने निदान दोन शब्द ऐकून घेतले जातात.

'लागणे' हे तर या कुळातले सर्वांत कामसू क्रियापद. ठेच लागते, ऊन लागते, भूक लागते, नाद लागतो, वेड लागते, दृष्ट लागते. सगळीकडे माणूस 'ला' प्रत्यय घेऊन बाजूला बसलेला, आणि येणारी गोष्ट बाहेरून येऊन त्याला चिकटलेली. 'सापडणे'ही असेच. धरणगावात १८९० साली जन्मलेले बालकवी ठोंबरे १९१८ साली जळगावजवळच्या भादली स्थानकावर वारले. त्यांच्या चरित्रात लिहितात, 'रेल्वेगाडीखाली सापडून'. एरवी सापडते ती हरवलेली वस्तू. इथे तेच क्रियापद अपघाताला वापरले आहे, आणि हेतूबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

मग येतात संयुक्त क्रियापदे, आणि खरी श्रीमंती इथे आहे. एकाच 'बोलणे'ला तीन शेपट्या लावून पाहाव्यात. 'बोलून गेलो': शब्द निघाले, लक्षात नंतर आले. 'बोलून बसलो': बोलणे अंगाशी आले, आता निस्तरायचे. 'बोलून टाकलं': बरेच दिवस मनात होते, एकदाचा मोकळा झालो. 'जाणे'त भान सुटलेले असते, 'बसणे'त पश्चात्ताप असतो, 'टाकणे'त सुटका असते. कापसाच्या हंगामात ही व्याकरणाची तालीम दारोदार चालते. 'कापूस विकून टाकला' म्हणणाऱ्याला घर मोकळे झाल्याचे समाधान आहे. 'कापूस विकून बसलो' म्हणणाऱ्याला पुढे काही विचारावे लागत नाही. भाव नंतर वाढला, हे 'बसलो'मध्येच कळते. विकताना तर त्याने राजीखुशीने विकला होता. कृती मनातली, परिणाम मनात नसलेला. क्रिया नकळत झाली आणि फळ नकळत आले, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मराठी त्या 'जाणे' व 'बसणे' अशा दोन क्रियापदांनी वेगळ्या ठेवते.

शेवटी 'राहवणे'. शाळेच्या पुस्तकात हे 'शक्य क्रियापद' म्हणून येते: मला चालवते, मला बसवते. पण रोजच्या बोलण्यात हे रूप बहुधा नकाराबरोबर ऐकू येते: बघवत नाही, जेववत नाही, राहवलं नाही. 'मला राहवलं नाही म्हणून बोललो' या वाक्यात बोलणारा सांगतो की कृती माझीच, जाणूनबुजून केलेली. पण न करणे माझ्या हातात उरले नव्हते. भान सुटल्याने घडलेली क्रिया आणि आवर सुटल्याने घडलेली क्रिया असा हा आणखी एक भेद.

आता अहिराणी. 'मना हातथीन कप फुटी गया.' 'मी इसरी गऊ.' 'हाऊ काय करी बठना!' धुळ्याकडे, अमळनेरकडे, चाळीसगावकडे प्रत्ययांचे उच्चार थोडे बदलतील, पण घडण हीच. मराठीचा 'ऊन' इथे नाही. 'फुटी', 'इसरी', 'करी' अशी ईकारान्त रूपे आहेत, गुजरातीच्या जवळची. शिवाय प्रमाण मराठीत नुसते 'फुटला' म्हणून जिथे भागते, तिथे अहिराणी बोलणारा 'गया' जोडल्याशिवाय सहसा राहत नाही. हिंदीच्या मानाने मराठीत संयुक्त क्रियापदे कमी वापरली जातात, हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ पीटर हुक यांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. अहिराणी या बाबतीत हिंदी-गुजरातीकडे झुकलेली दिसते. सातपुडा आणि तापीच्या वाटेने जी ये-जा झाली, तिचा ठसा असा एका सहायक क्रियापदातही उमटतो.

अहिराणीला कुठे बसवायचे, हा वाद जुना आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात ती 'खानदेशी' या नावाखाली आली, पण मराठीच्या खंडात नाही. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल भाषांबरोबर आली. जनगणनाही खानदेशी वेगळी मोजते; २०११ मध्ये ती मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक नोंदले गेले. वर्गवारी काहीही असो, आपल्या विषयापुरती अडचण निराळी आहे. सर्वेक्षणात नमुना म्हणून मुख्यतः बायबलातल्या उधळ्या पुत्राची गोष्ट बोलीबोलीत उतरवून घेतली होती. भाषांतरित गोष्टीत घरातली सांडलवंड फारशी येत नाही, आणि आपले व्याकरण नेमके त्या सांडलवंडीत आहे.

मराठी क्रियापदाचा विचार मात्र खान्देशात चांगला रुजला होता. इतिहासाचार्य राजवाडे यांचा शेवट धुळ्यात झाला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे आहे, आणि मराठी धातूंचा त्यांचा कोश त्यांच्या मागे धुळ्यातूनच प्रसिद्ध झाला. त्यांच्याच काळातल्या मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. दोघांनीही धातू आणि प्रयोग यांची उलटतपासणी कसून केली. बोलणाऱ्याच्या हेतूचा प्रश्न अलीकडच्या भाषाशास्त्राने अधिक उघडपणे हाती घेतला. मराठीपुरता तो राजेश्वरी पंढरीपांडे, काशी वली, रमेश धोंगडे यांच्या इंग्रजी लेखनातून शोधता येतो.

आता कोरियन. त्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, मराठीसारखेच, आणि त्याला मागून सहायक क्रियापदे जोडता येतात, तीही मराठीसारखीच. त्यातले पहिले 'बॉरिदा'. एकटे असताना याचा अर्थ फेकणे, टाकून देणे. दुसऱ्या क्रियापदामागे आले की क्रिया पुरती झाली आणि आता मागे फिरता येत नाही, असा अर्थ येतो. मराठी मुलगा हे ऐकून खूश होतो: म्हणजे आपले 'टाकणे'! आणि 'क्कुन्ने बॉर्यॉत्ता' म्हणजे 'संपवून टाकलं' इथे ते चपखल बसतेही. पण पुढच्याच पानावर 'ऑरुमी नोगा बॉर्यॉत्ता' येते, म्हणजे बर्फ वितळला तो. बर्फ 'वितळून टाकला' म्हणता येत नाही, 'वितळून गेला' म्हणावे लागते. आणि 'ईजॉबॉरिदा' म्हणजे विसरणे. 'विसरून टाकलो' असे कोणी म्हणत नाही. 'टाकणे'ला मराठीत इच्छा असलेला कर्ता लागतो. 'बॉरिदा'ला तो लागत नाही. आपण ज्या तीन शेपट्या वेगळ्या ठेवल्या, त्या तिन्हींची कामे कोरियन एकीकडून करून घेते. पश्चात्ताप झाला की सुटका, हे संदर्भाने आणि आवाजाने कळते. (जाता जाता विद्यार्थ्याला सूचना: 'ईजॉबॉरिदा' म्हणजे विसरणे, 'ईरॉबॉरिदा' म्हणजे हरवणे. छत्री हरवली की विसरली, हे एका व्यंजनावर ठरते.)

दुसरे 'गो माल्दा'. माल्दा म्हणजे थांबणे, न करणे. 'उल्गो मारात्ता' म्हणजे रडायचे नव्हते, खूप आवरले, पण शेवटी रडलोच. इथे घटनेआधीची झटापट महत्त्वाची. मराठीत हे काम बरेचदा 'च' करतो: रडलोच, झालाच उशीर, पडलाच शेवटी. गंमत अशी की याच रूपाला जोर देऊन आणि पुढचा काळ जोडून 'ईगिगोया माल्गेत्ता' म्हटले, की अर्थ उलटा होतो: जिंकूनच राहीन. एकाच सहायक क्रियापदात भूतकाळी हतबलता आणि भविष्यकाळी निर्धार. आपल्या 'राहणे'कडे बघितले तर याचे नवल वाटत नाही. 'करून राहीन' हा निर्धार आणि 'राहून गेलं' ही चूक, दोन्ही त्याच्याच पोटातली.

तिसरे 'गे द्वेदा', म्हणजे अमुक होण्यापर्यंत येणे. माणसाने ठरवले नाही, परिस्थितीने घडले. 'सोलला जाणं झालं', 'बदली झाली', 'तिथे राहायचा योग आला' ही मराठी वाक्ये याच्या जवळची. कोरियन माणूस हे रूप नम्रतेसाठीही वापरतो. स्वतःच्या लग्नाची बातमी तो 'क्यॉल्होन-हागे द्वेऑस्सुम्निदा' अशी देतो: आमचे लग्न करणे घडून आले आहे. सगळे काही दोघांनी ठरवलेले असते, पण 'आम्ही ठरवले' म्हणणे उद्धट वाटते. आपल्या लग्नपत्रिकेत 'करण्याचे योजिले आहे' असते. कर्ता तिथेही मागे सरकतो, पण योजना उघड सांगितलेली असते.

उरलेली रूपे लहान पण रोजची. मीठ घालायचे म्हणून साखर घातली, यासाठी कोरियनमध्ये बांधलेली चौकट आहे: 'सोगुमुल नॉन्नुन्दानुन गे सॉल्थांगुल नॉऑत्ता'. मराठीत 'मीठ घालायला गेले नि साखर पडली', आणि सरसकट म्हण हवी असेल तर करायला गेलो गणपती, झाला मारुती. 'घालायला गेले' आणि 'पडली' या बदलाकडे लक्ष द्यावे: हेतू सांगताना बाई कर्ता आहे, परिणाम सांगताना साखर. कोरियन वाक्यात दोन्हीकडे क्रियापद घालणे हेच, आणि कर्ताही तोच. पडता पडता वाचलो, याला 'नॉमॉजिल प्पॉन्हेत्ता'. बस उशिरा आली त्या पायी हजेरी चुकली, याला 'नुन बारामे' हे कारणवाचक. यातल्या 'बाराम'चा एरवीचा अर्थ वारा. हे कारण बाहेरचे असते आणि परिणाम बहुधा वाईट. आणि 'नादो मोरुगे' म्हणजे शब्दाला शब्द ठेवून 'माझ्याही नकळत'. इतके तंतोतंत जुळणारे दुसरे उदाहरण या पुस्तिकेत नाही.

या सगळ्या तुलनेतून माझ्या हाती जे लागले ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढची प्रकरणे वाचताना वाचकाला धागा राहील. मनात नसलेली गोष्ट सांगताना मराठी आधी विचारते, कोणाच्या हातून? कोरियन आधी विचारते, घडून गेल्यावर वाटते कसे? मराठी कर्त्याची जागा बदलते, त्याला 'हातून', 'कडून', 'ला' अशी जोड देऊन पुढे-मागे करते. फुटणे-फोडणे यांतून एक निवडायला लावते. कोरियनकडे अकर्मक रूपे आहेतच, पण तिथला बोलणारा 'मी' कायम ठेवूनही शेपटीने हळहळ, सुटका, हतबलता दाखवतो. मराठी शिकणाऱ्या कोरियन माणसाला म्हणून 'हातून' शिकवावे लागेल. कोरियन शिकणाऱ्या मराठी माणसाला 'मी' न लपवता हळहळायला शिकावे लागेल. कारखान्यात वस्तू हातातून पडली की आपला मुलगा कोरियन साहेबाला 'पडली' एवढेच सांगतो. त्याच्या मनात लपवाछपवी नसते, तो मराठीतून विचार करत असतो. साहेबाला मात्र 'चुकून मी पाडली' अशा घडणीचे वाक्य अपेक्षित असू शकते. अशा ठिकाणी व्याकरणाची चूक स्वभावाच्या खात्यावर जमा होते.

हा भेद मराठी-कोरियनपुरता नाही. सिंहली भाषेत जाणून केलेल्या आणि आपोआप झालेल्या क्रियेसाठी क्रियापदाची वेगवेगळी रूपेच आहेत, आणि दुसऱ्या रूपाबरोबर कर्ता आपल्या 'मला'सारखा चतुर्थीत जातो. जपानीत 'शिमाउ' हे 'बॉरिदा'चे काम करते. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०१० आणि २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी, जपानी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना छोट्या चित्रफिती दाखवल्या: कोणी फुगा मुद्दाम फोडतो, कोणाकडून तो चुकून फुटतो. मुद्दाम केलेल्या कृत्यात सगळ्यांनीच करणाऱ्याचे नाव घेतले. चुकून घडलेल्यात इंग्रजी बोलणारे 'त्याने फोडला' अधिक म्हणाले, इतर दोघे कमी. आणि अपघात कोणाच्या हातून झाला, हे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले. यावरून भाषा माणसाला अमुक विचार करायलाच लावते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. नजर कुठे न्यायची याची सवय ती लावते, एवढे म्हणता येते.

कायद्यालाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८० होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १८ म्हणून आले. कायदेशीर काम, योग्य रीतीने, पुरेशी काळजी घेऊन करताना, गुन्ह्याचा हेतू किंवा जाणीव नसताना अपघात झाला, तर तो गुन्हा नाही. उदाहरण दिले आहे ते कुऱ्हाडीचे: काम चालू असताना पाते निसटते आणि जवळ उभा असलेला माणूस मरतो. पण काळजी घेतलेली नसेल तर माफी नाही. अपघाताच्या फिर्यादीत 'हयगयीने व भरधाव वेगात' हे शब्द येतात ते याच कारणाने. कायदा हेतू, जाणीव आणि काळजी हे तीन वेगळे मोजतो. मराठीतल्या 'मुद्दाम केलं', 'माहीत असून केलं' आणि 'हलगर्जीपणा झाला' या तीन वाक्यांतही तीच मोजणी आहे.

एका आक्षेपाला इथे उत्तर दिले पाहिजे. 'फुटला, झाला, राहून गेलं' अशी बोली म्हणजे जबाबदारी झटकणाऱ्यांची बोली, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. 'नजरचुकीने नाव राहून गेले' या कचेरीतल्या वाक्यात नजर कोणाची, हे सांगितलेले नसते. 'काही चुका झाल्या' या पुढाऱ्याच्या वाक्यात तर हातही नसतो. पण 'माझ्या हातून चूक झाली' हे वाक्य घ्या. त्यात हेतू नाकारला आहे आणि हात कबूल केला आहे. 'मी चूक केली' यापेक्षा ते अधिक अचूक आहे, कारण चूक कोणी ठरवून करत नसतो. दोष व्याकरणाचा नाही. 'हातून'च्या मागचा 'माझ्या' गाळण्यात दोष आहे.

पुस्तिकेच्या मांडणीबद्दल दोन शब्द. पहिल्या भागात मराठी, दुसऱ्यात अहिराणी, तिसऱ्यात कोरियन रूपे आहेत. चौथ्यात एकच प्रसंग तिन्ही भाषांत मांडला आहे. कोरियन वाक्ये देवनागरीत दिली आहेत. त्यातला 'ऑ' हा स्वर मराठी 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधला, आणि 'उ' काही ठिकाणी ओठ न गोलावता म्हणायचा असतो. देवनागरी इथे निव्वळ हात धरायला आहे. ज्याला पुढे जायचे आहे त्याने हांगुल लिपी आधी शिकावी, ती थोड्या दिवसांत येते. अहिराणी उदाहरणांत एका गावचे रूप दुसऱ्या गावी वेगळे निघेल. ते चूक मानू नये, आणखी एक रूप मानावे.

आणि एक विनंती. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले, ते साने गुरुजींनी टिपून घेतले म्हणून 'गीता प्रवचने' आपल्याला वाचायला मिळतात. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली ती पुस्तकात आली. बोलले गेलेले टिपणारा कोणी भेटला तरच ते उरते. वाचकहो, घरात काही सांडेल, फुटेल, कोणी काही बोलून बसेल, तेव्हा आजी, काका, शेजारीण नेमके काय म्हणाले ते त्याच शब्दांत, गावाचे नाव घालून, वहीत लिहून ठेवा. प्रमाण मराठीत सुधारून लिहू नका. अहिराणीचे, तावडी बोलीचे, लेवा बोलीचे हे व्याकरण अजून छापील पुस्तकात फारसे आलेले नाही, ते आपल्याच घरांतून गोळा करायचे आहे.